हंसाच्या मानेचे साक्षीदार

इमारतीच्या अंगणातला सिमेंटचा हंस एका सकाळी मानेपासून तुटून आपल्याच कारंज्यात पडला. चहाच्या वेळेपर्यंत या दुर्घटनेला एकही साक्षीदार नव्हता. जेवणाच्या वेळेपर्यंत निम्मी इमारत साक्षीदार झाली होती, आणि त्या सगळ्यांत प्रमुख होते सहीसाहेब.

हंसाबद्दल खरं सांगायचं तर तो गेल्याचं दुःख एकट्या सेक्रेटरींना झालं. हंस ही त्यांची कल्पना होती. चोचीतून पाण्याची धार उडून ती समोरच्या कुंडात पडावी अशी योजना होती. प्रत्यक्षात ती धार तिरकी जाऊन टपालपेट्यांवर पडे आणि सगळ्या इमारतीला पत्रं ओली मिळत. विजेची बिलंसुद्धा वाळत घालून मग भरावी लागत. तरी सेक्रेटरी रोज कामावर जाताना हंसाकडे बापाच्या नजरेने पाहत. आता कारंज्यात बिनमानेचं धड उभं होतं, आणि ते फारच थोराड बदक दिसत होतं.

सहीसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी एकच काम केलं. चेकवरची सही आणि बँकेतली सही शेजारी शेजारी ठेवायच्या आणि माणसाकडे संशयाने बघायचं. सहीची शेपटी आखूड निघाली म्हणून त्यांनी प्रत्यक्ष शाखाधिकाऱ्यांचा चेक परत केला होता, आणि तो किस्सा सांगताना त्यांचा आवाज अजून भरून येई. "मी एकदा पाहिलेलं विसरत नाही," हे त्यांचं वाक्य इमारतीत सर्वांना पाठ होतं. ते घरातला चष्मा विसरत, छत्री विसरत, बायकोने सांगितलेलं सगळंच विसरत. पण त्यांच्या मते हे विसरणं नव्हतं, लक्ष न देणं होतं, आणि दोन्हींत फरक आहे.

हंस पडला त्या सकाळी नाश्त्याच्या वेळी त्यांचं आणि बायकोचं त्याबद्दल काही बोलणं झालं होतं. काय झालं होतं ते पुढे त्यांना नीटसं आठवेना, कारण बोलणं बायकोचं होतं. मग ते खाली उतरले तर जिन्यातच सेक्रेटरी भेटले. चेहरा असा, की घरात कोणी गेलं असावं.

"साहेब, हंस गेला."

"कळलं मला. पांढरी गाडी होती."

हे वाक्य तोंडातून कसं निघालं ते सहीसाहेबांनाही कळलं नाही. पण निघालं ते छान ठणठणीत निघालं.

सेक्रेटरींनी कठडा घट्ट धरला. "तुम्ही पाहिलंत?"

इथे 'नाही' म्हणायला एक क्षण होता. पण ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या सह्या पाहिल्या त्याला "तुम्ही पाहिलंत का" असं विचारणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची भीती वाटते का विचारण्यासारखं. सहीसाहेब म्हणाले, "मी पाहिलेलं विसरत नाही."

"आपल्या इमारतीत पांढरी गाडी एकट्या दातांच्या डॉक्टरांची आहे."

"मी नाव घेतलेलं नाही."

"घ्यायची गरजच नाही!" असं म्हणून सेक्रेटरी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.

दातांचे डॉक्टर तळमजल्यावर राहत, आणि सहीसाहेबांचे जिवाभावाचे मित्र होते. रोज संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ते वर येत आणि दोघं कॅरम खेळत. कॅरम हे निमित्त. खरा खेळ भांडणाचा होता. कोणाची सोंगटी आधी गेली, राणी झाकली की नाही, बोटाने बोर्ड हलला की वाऱ्याने, यावर दोघं इतके मनापासून भांडत की समोरच्या इमारतीतले लोक दूरदर्शन बंद करून खिडकीत येत. भांडण झाल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहीसाहेबांची हकिगत बरीच अंगाने भरली. त्यात त्यांचा दोष फारसा नव्हता. लोक मदत करत होते.

वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "केवढ्याने ब्रेक वाजले हो! माझं तर काळीजच हललं." सहीसाहेबांनी थोडा विचार केला आणि त्यांनाही ब्रेक ऐकू आले. शेजारचे वकीलकाका सोफ्यावर बसून साक्षीदाराने कसं बोलावं ते शिकवून गेले. "'बहुतेक' म्हणायचं नाही. 'बहुधा' तर मुळीच नाही. एकदा 'मला वाटतं' म्हणालात की समोरचा तुमचा भुगा करतो. छाती ठोकून सांगायचं." सहीसाहेबांनी आपल्या हकिगतीतले सगळे 'बहुतेक' वेचून काढले, तांदळातले खडे काढावेत तसे. उरलेला भाग एकदम शुभ्र दिसू लागला.

"अहो," बायको म्हणाली, "ब्रेक कुठे वाजले होते?"

"तू होतीस का तिथे?"

बायकोने काही बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि ती उकळी आलेलं दूध बघायला आत गेली.

मग डॉक्टर आले. रोजच्यासारखे जोडे काढून आत आले नाहीत, उंबऱ्यावर थांबले.

"तू म्हणे मला पाहिलंस."

"मी गाडी पाहिली."

"आत कोण होतं?"

सहीसाहेबांनी डोळे मिटले. गाडी दिसली. काच दिसली. काचेमागे काहीतरी चमकलं. "चष्म्यावर ऊन चमकलं."

"मी गाडी चालवताना चष्मा लावत नाही. मला लांबचं स्वच्छ दिसतं!"

"मग खिशाला असेल. खिशातला चमकला."

"अरे, बत्तीशी बघून मी लोकांची वयं सांगतो, मला हंस दिसणार नाही? मागे घेताना आरशात बघून घेतो मी!"

"मी सहीत कधी चुकलो नाही."

"हंसाने सही केली होती का?" डॉक्टर ओरडले. समोरच्या इमारतीतले लोक सवयीने खिडकीत आले. पण यात मजा नव्हती, हे त्यांनाही लांबून कळलं असावं. डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "बोर्ड उचलून ठेव. उद्यापासून मी येणार नाही." आणि गेले.

सहीसाहेबांना हा अन्याय वाटला. सत्य बोलणाऱ्याला एकटं राहावं लागतं असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "हो का," आणि मटार सोलत राहिली. दुसऱ्या संध्याकाळी सहीसाहेब बोर्डवर एकटेच बसले. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. काळ्या सोंगट्या त्यांच्या, पांढऱ्या डॉक्टरांच्या. थोड्याच वेळात पांढऱ्यांनी फाऊल केला. सहीसाहेबांनी हरकत घेतली. उत्तर कोणीच दिलं नाही. उत्तर न देणारा प्रतिस्पर्धी किती कंटाळवाणा असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या आणि विनाकारण झाडांना पाणी घातलं. बायकोने सकाळीच घातलं होतं.

इकडे सेक्रेटरी थंड बसणारे नव्हते. गुन्हेगाराकडून नवा हंस वसूल करायचा, आणि शिक्षा म्हणून एकाऐवजी जोडी वसवायची, असा त्यांचा बेत होता. दोन हंस म्हणजे दोन धारा. टपालपेट्यांचा विचार करून लोकांनी पत्रं वाळवायला आणखी एक दोरी बांधली. सेक्रेटरी सहीसाहेबांना घेऊन पोलीस चौकीवर गेले.

"काय झालंय?" हवालदारांनी मान न उचलता विचारलं.

"हंसाची मान तोडली."

"पाळीव?"

"सिमेंटचा."

हवालदारांनी आता मान उचलली. दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. "मान कुठाय?"

"कारंज्यात."

"पाण्यात पडली असेल तर पाणीपुरवठ्याकडे जा."

पाणीपुरवठ्यातल्या साहेबांनी सांगितलं की पाणी चोचीतून वाहत असताना हंस त्यांचा, पण बंद असताना तो शोभेचा, आणि शोभा उद्यानखात्याकडे असते. उद्यानखात्याने विचारलं, झाड पडलंय का? नाही? मग आमचं काय? तिथून त्यांना बांधकामाकडे धाडलं, आणि बांधकामवाल्यांनी हंसाची परवानगी काढली होती का, असा उलटा प्रश्न विचारला, तेव्हा सेक्रेटरी घाईघाईने बाहेर पडले.

या सगळ्या फेरीत सहीसाहेबांना प्रत्येक टेबलापुढे हकिगत सांगावी लागली. प्रत्येक टेबलावर एक प्रश्न विचारला जाई, आणि पुढच्या टेबलावर पोचेपर्यंत त्यांना त्याचं उत्तर आठवलेलं असे. गाडीचा वेग? भरधाव. चालकाने थांबून पाहिलं का? पाहिलं, आणि मग पळ काढला. चेहऱ्यावर काय भाव होते? छद्मी. शेवटच्या टेबलापर्यंत गाडीने हंसाला एकदा धडक देऊन, पुढे जाऊन, पुन्हा मागे येऊन दुसरी धडक दिली होती. परतीच्या वाटेवर सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तुमच्यासारखा साक्षीदार मिळायला भाग्य लागतं." सहीसाहेबांना हे पटत होतं. तरी घरी आल्यावर जिन्यात डॉक्टरांच्या बंद दाराशी त्यांचे पाय जरा रेंगाळले. आतून चमच्यांचा आवाज येत होता. डॉक्टर एकटेच जेवत होते. भांडण न करता.

शेवटी विमा कंपनीला जाग आली. इमारतीचा विमा होता, आणि हंस इमारतीत मोडतो की नाही ते बघायला कंपनीने एक तपासनीस बाई पाठवल्या. सुट्टीचा दिवस होता. सगळी इमारत अंगणात खुर्च्या घेऊन आली. बाईंच्या हातात एक छोटी हातोडी आणि विजेरी होती. त्या आल्याआल्याच हंसाच्या धडाकडे गेल्या, वाकून मानेच्या जागी विजेरी मारली, आणि "हे बघा," असं म्हणाल्या.

"बघायचं नंतर! आधी साक्षी!" सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांना हाताला धरूनच खुर्चीत बसवलं.

पहिला उठला वॉचमन. "मी झोपलो नव्हतो," असं तो म्हणाला आणि बसला. त्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.

मग काकू. "ब्रेक असे वाजले, असे वाजले की माझ्या हातातली बशी पडली."

"तुम्ही कुठे होतात?"

"मी लेकीकडे होते. पण आवाज ओळखीचा होता हो!"

मग सहीसाहेब उभे राहिले. अंगणाच्या कडेला, सगळ्यांपासून जरा लांब, डॉक्टर हाताची घडी घालून उभे होते. सहीसाहेबांनी त्यांच्याकडे न बघता सुरुवात केली. सकाळ. कोवळं ऊन. मी बाल्कनीत पेपर वाचत बसलो होतो. ब्रेक. पहिली धडक. चष्मा. छद्मी हसू. दुसरी धडक. इतकं सलग, इतकं रेखीव झालं की शेवटी दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

तपासनीस बाईंनी वर पाहिलं. "तुमची बाल्कनी कुठली?"

सहीसाहेबांनी बोट उचललं, आणि ते बोट हवेतच थांबलं. अंगणातून बाल्कनी दिसत नव्हती. दिसणारही नव्हती. सगळ्या बाल्कन्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला होत्या. अंगणाच्या बाजूला उघडत होत्या त्या फक्त स्वयंपाकघरांच्या खिडक्या.

"मग स्वयंपाकघरातून पाहिलं असेल," सहीसाहेब म्हणाले. "हो, स्वयंपाकघरातूनच. आता लख्ख आठवलं."

"दाखवता का, कुठे उभे होतात ते?"

सगळे वर जाऊ शकत नव्हते, म्हणून बाई, सेक्रेटरी आणि वकीलकाका गेले. बायको आधीच आत होती. सहीसाहेब रुबाबात ओट्यापाशी गेले. आठवण इतकी जिवंत होती की त्यांनी हात पुढे करून दाखवलं. "इथे उभा होतो. डाव्या हाताला दूध तापत होतं, काचेवर वाफ धरली होती, कांदा चिरल्यामुळे डोळ्यांत पाणी..."

"कांदा तुम्ही चिरत होतात?" बाईंनी विचारलं.

सहीसाहेबांनी उत्तर देण्यासाठी खिडकीबाहेर पाहिलं आणि त्यांना डब्यांचं कपाट दिसलं. त्यांच्या उंचीच्या माणसाला त्या खिडकीतून अंगण दिसतच नव्हतं. बरोबर डोळ्यांपुढे टांगतं कपाट येत होतं. ते जरा वाकले. कपाटच. मग गुडघे दुमडून बरेच खाली गेले, तेव्हा कुठे अंगण आणि कारंजं हुबेहूब दिसू लागलं. अगदी त्यांच्या आठवणीत होतं तसं. तशा अर्धवट बसलेल्या अवस्थेतच त्यांनी मागे वळून पाहिलं. समोर बायको उभी होती. तिचे डोळे बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही आंघोळीला गेला होतात."

वकीलकाकांनी छताकडे पाहिलं.

"मी न्हाणीच्या दाराशी येऊन सांगितलं तुम्हाला. खाली काहीतरी पडलं, असं मी म्हणाले. पांढरी गाडी बाहेर जाताना दिसली म्हणाले. नळ सुरू होता, तुम्ही आतून 'हो हो' केलंत. नाश्त्यालाही सगळं परत सांगितलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"ब्रेकचं बोलले होते की. तुम्ही म्हणालात, तू होतीस का तिथे." बायकोने पदराने ओटा पुसला. "आणि मग तुम्ही इतकं सुंदर सांगायला लागलात, की मला वाटलं, माझंच काहीतरी राहून गेलं असेल. परवापासून मलासुद्धा ब्रेक ऐकू यायला लागलेत."

तपासनीस बाई म्हणाल्या, "तुम्ही गाडी धडकताना पाहिली?"

"छे! आवाज झाला म्हणून तर वर पाहिलं. आवाजाच्या आधीचं कसं दिसणार?"

सहीसाहेब सावकाश उभे राहिले. गुडघे कुरकुरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या डोक्यातलं चित्र शेजारी ठेवून ताडायला दुसरं चित्र मिळालं होतं, आणि ते चित्र बायकोच्या हातचं होतं, शेपटीसकट. चेक परत करण्याची वेळ आली होती, आणि चेक स्वतःचा होता.

सेक्रेटरी कुजबुजले, "साहेब, हे खाली सांगायचं काय कारण आहे? तुम्ही पाहिलं की वहिनींनी पाहिलं, घरातल्या घरात एकच."

वकीलकाकांनाही ते कायद्यात बसेल असं वाटलं. सहीसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून खाली बघत होती.

"भाऊजी एकटेच उभे आहेत अजून," ती म्हणाली.

जिना उतरताना सहीसाहेबांना वाटलं, इमारतीला आणखी मजले असते तर बरं झालं असतं. अंगणात सगळे खुर्च्यांवर सरसावून बसले. सहीसाहेबांनी घसा खाकरला. 'बहुतेक' म्हणावं का, असा एक मोह झाला. तो आवरून ते म्हणाले, "मी..."

"थांब!" कडेने आवाज आला. डॉक्टर पुढे आले. चेहरा ओढलेला. "तू आणखी काही सांगू नकोस. माझ्यामुळे तुला या वयात टेबलं पुजावी लागली. मीच पाडला हंस."

"तू कसा पाडशील? मी पाहिलंच नाही!"

"तू म्हणालास म्हणून मी रोज विचार करतोय. झोप नाही मला. आणि आता मला सगळं आठवलंय. गाडी मागे घेताना ठक्क झालं. आरशात पाहिलं तर हंस माझ्याकडे बघत होता. त्याचे ते डोळे..."

"अरे, मी न्हाणीत होतो! मला काही दिसलं नाही! एक अक्षर दिसलं नाही!" सहीसाहेब ओरडले. हे वाक्य इमारतीने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

"तू मला वाचवायला बोलतोयस!"

"मी कशाला तुला वाचवू? हिने पाहिलं, मी पाहिलं नाही!"

"मग ते डोळे?"

"पण हंसाला डोळेच नव्हते," सेक्रेटरी अत्यंत दुखावलेल्या स्वरात म्हणाले. "डोळ्यांचा रंग अजून यायचा होता."

डॉक्टर तोंड उघडं ठेवून उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाने तो आ फार व्यवस्थित केला होता. तेवढ्यात हातोडीचा टकटक आवाज झाला. तपासनीस बाईंनी वेळ साधून कारंजं गाठलं होतं.

"मानेत लोखंडाची सळीच नाही घातलेली," त्या म्हणाल्या. "नुसतं सिमेंट. आतून तडा गेलाय, जुना तडा आहे. स्वतःच्या वजनानेच मान गेली. गाडी लागल्याचा कुठे ओरखडासुद्धा नाही. मी आल्याआल्याच सांगत होते, पण तुम्ही साक्षी सुरू केल्यात."

काकू लगेच म्हणाल्या, "मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतेय, मानच फार बारीक होती."

"मी पण," वॉचमन म्हणाला.

वकीलकाकांना आठवलं की उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी मानेबद्दल शंका काढली होती, कोणी ऐकली नाही. खुर्च्या उचलून लोक घरी जायला लागले तोवर गाडीवर विश्वास ठेवलेला एकही माणूस इमारतीत उरला नव्हता. सेक्रेटरीसुद्धा म्हणाले की गवंड्यावर त्यांचा संशय होताच. ते सगळे खोटं बोलत नव्हते, हे सहीसाहेबांना आज प्रथमच कळत होतं. त्यांच्या चेहऱ्यांवर तीच निखळ, शुभ्र खात्री होती. ती कशी दिसते ते त्यांनी नुकतंच जवळून पाहिलं होतं.

संध्याकाळी दार वाजलं. डॉक्टर जोडे काढून थेट आत आले आणि आपल्या बाजूच्या खुर्चीत बसले.

"सगळ्यांसमोर म्हणालास तू, मला दिसलं नाही म्हणून."

"म्हणालो."

"मला वाटलं होतं, तू एक वेळ इमारत सोडशील पण म्हणणार नाहीस."

"तू तर न केलेला गुन्हा कबूल केलास. मूर्खासारखा."

"तुझ्यावर विश्वास ठेवून केला," डॉक्टर म्हणाले. मग दोघंही बराच वेळ बोर्डवर पावडर पसरत राहिले, गरजेपेक्षा खूप जास्त.

"गेल्या खेपेचा डाव अर्धा राहिला होता," डॉक्टर म्हणाले. "राणी माझ्याकडे होती."

सहीसाहेबांना स्वच्छ आठवत होतं, राणी त्यांच्याकडे होती. त्यांना ती आपल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, लाल भडक दिसत होती. तिच्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची हळहळ दिसत होती. सगळं इतकं ठळक होतं, इतकं रेखीव होतं, की सहीसाहेबांना एकदम त्याचाच संशय आला. बोर्ड तर ते रोज दिवा लावून मांडत. ऊन आलं कुठून?

"असेल," ते म्हणाले. "तू म्हणतोस तसं असेल. घे राणी."

डॉक्टर स्ट्रायकरवर बोट ठेवून तसेच थांबले. भांडणाची पूर्ण तयारी करून आलेला माणूस, त्याला कोणी ढकलतच नव्हतं. त्यांनी सहीसाहेबांकडे निरखून पाहिलं, मग टेबलावरून हात लांब करून त्यांच्या कपाळाला लावला.

"वहिनी!" ते स्वयंपाकघराच्या दिशेने घाबरून ओरडले. "याला बरं नाहीये का?"

"काही नाही हो, भाऊजी," आतून आवाज आला. "उतरेल दोन दिवसांत. तोवर जिंकून घ्या."